खांद्याचं माप

आमच्या कळंबच्या घरात दोन यंत्रं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना चालायची. अलीकडे आईचं शिलाई मशीन आणि पलीकडे अण्णांचं वेल्डिंग. अण्णांनी रॉड टेकवला की आईच्या खोलीतला दिवा मंद व्हायचा. मग आई टाका थांबवून कात्रीच्या मुठीनं भिंतीवर दोनदा ठोकायची आणि पलीकडून अण्णा हातोडीनं एकदा ठोकायचे. दोनचा अर्थ ‘अजून किती वेळ?’ आणि एकचा अर्थ ‘होईल तेव्हा होईल’. माझ्या आई-वडिलांचं बरंचसं संभाषण असं भिंतीतूनच चालायचं आणि मला वाटतं म्हणूनच त्यांचा संसार इतका सुरळीत चालला. समोरासमोर आले की दोघांपैकी एकाला तरी आपलं बरोबर असल्याचं आठवायचं.

आजोबा बैलगाड्या करायचे. गाड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हा अण्णांनी त्याच जागेत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करायला घेतल्या. ट्रॉल्या आणखी चार जण करत होते, पण अण्णांचं नाव होतं ते बांधण्यासाठी. दोन माणसांच्या उंचीचा कडबा ट्रॉलीवर रचून अण्णांनी दोर आवळला की ती ट्रॉली ओढ्यातून जावो नाहीतर नांगरटीतून, एक पेंढी हलायची नाही. त्यांचा नियम एकच होता, जे बांधायचं ते चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला बांधायचं. वरच्या वर गाठ मारणारा माणूस त्यांच्या हिशेबी शिकाऊ, मग तो साठ वर्षांचा का असेना. आईची कपडे वाळवायची तारसुद्धा त्यांनी जमिनीत दोन हात गाडलेल्या लोखंडी अँगलला बांधली होती. एका उन्हाळी वादळात आमच्या घरावरचे पत्रे उडून शेजारच्या आळीत गेले, पण ती तार आणि तिच्यावरचे अण्णांचे दोन लेंगे सकाळी जागच्या जागी होते. पत्रे आणायला जाताना अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला लेंगे दाखवत होते.

नवी ट्रॉली तयार झाली की ती ढोकीच्या रस्त्यानं चालवून बघायची असे. ते काम चौदाव्या वर्षापासून माझ्याकडे आलं, कारण अण्णांना ट्रॉलीच्या मागे मागे चालत तिचा आवाज ऐकायचा असायचा. मी पुढे ट्रॅक्टरवर आणि माझे वडील मागे मान वाकडी करून चालतायत, हे दृश्य त्या रस्त्यावर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. पुढे मी उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, तंत्रनिकेतनात जायला लागले तेव्हा तिथल्या पोरांना मी ट्रॅक्टर मागे घेऊ शकते याचं फार कौतुक वाटे. ट्रॉलीसकट मागे घेते म्हटल्यावर ती पोरं विश्वास ठेवत नसत.

शर्यतीचं खूळ मात्र माझं नव्हे, बापूमामाचं. बापूमामा आईचा धाकटा भाऊ, पंचायत समितीत कारकून, अंगानं भरलेला आणि मनानं हलका. त्याच्याकडे एक जुनी, लहान, पांढरी गाडी होती. येडशीजवळच्या माळावर शहरातला कुठला तरी क्लब मोटारींची शर्यत घेणार असल्याचा कागद त्यानं कुठूनसा आणला आणि पुण्याला जाऊन शर्यतीची एक खुर्ची आणि चार पट्ट्यांचा संच, दोन कमरेचे नि दोन खांद्याचे, विकत घेऊन आला. खुर्ची कडेनं उंच, माणसाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी. मामा उत्साहानं तिच्यात बसला आणि बसला तो बसलाच. अण्णांनी आणि मी मिळून त्याला खुर्चीसकट आडवं केलं, तेव्हा तो निघाला. निघाल्यावर त्यानं शर्ट खाली ओढला, खुर्चीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, “शोभे, तूच चालव. मला हापिसातनं रजा मिळायची न्हाय.”

मला तो क्षण अजून आठवतो. हसणं आवरता आवरता माझा हात खुर्चीच्या पाठीवर गेला, कारण मला ते हवं होतं. आपल्याला एखादी गोष्ट किती हवी आहे हे कधी कधी ती हातात आल्यावरच कळतं. मी ट्रॅक्टर चालवला होता, पिकअप चालवली होती, पण सगळं कुणाच्या तरी कामासाठी, हळू, मागे कान लावून चालणाऱ्या माणसाला त्रास होणार नाही असं. एकदा नुसतं जोरात चालवायला मिळावं, एवढंच माझं म्हणणं होतं. अण्णांनी दोन दिवस गाडीभोवती नुसत्या फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी जेवताना भाकरी कुस्करत म्हणाले, “एकदाच. त्यांनी गाडी तपासून पास केली तर पळव. न्हाय केली तर गाडी बापूची बापूकडं, आन पुन्हा हा विषय ह्या घरात न्हाय.” मग घास गिळून म्हणाले, “आन गाडी मी बांधतो. माझं बांधलेलं कोण नापास करतंय बघू.”

पंधरा दिवस अण्णांनी दुसरं काम घेतलं नाही. पाइपा वाकवून गाडीच्या आत पिंजरा केला, तोही असा की गाडी चेपली असती तरी पिंजरा शिल्लक राहिला असता. कमरेचे पट्टे त्यांनी गाडीच्या तळाला जाड पट्टी लावून बोल्टांनी आवळले. खांद्याच्या पट्ट्यांची वेळ आली तेव्हा मी पट्ट्यांसोबत आलेल्या कागदावरचं इंग्रजी वाचून सांगायचा प्रयत्न केला. त्यात अंश होते, कोन होते. अण्णा म्हणाले, कोन सुताराला लागतात. त्यांनी दोन्ही पट्टे खुर्चीच्या डोक्यावरून मागे घेतले, तिथून सरळ खाली आणले आणि चासीला, ट्रॅक्टरच्या बोल्टांनी, दोन-दोन नट चढवून बांधून टाकले. मला आत बसवून आवळलं तेव्हा मला श्वाससुद्धा विचारून घ्यावा लागत होता. अण्णा खूश झाले. कडबा असाच बसतो म्हणाले.

आई दारात उभी राहून बघत होती. तिच्या गळ्यात मोजायची टेप होती, ती बहुधा झोपतानाच उतरायची. आईचं सगळं शिवणशास्त्र खांद्यापासून सुरू व्हायचं. छाती, कंबर मागाहून दुरुस्त करता येते, खांदा चुकला की ब्लाऊज गेला, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. तिनं खुर्चीच्या पाठीला वरच्या अंगाला असलेल्या दोन लांबट फटींकडे बोट केलं आणि ह्या कशाला हायेत म्हणून विचारलं. अण्णा म्हणाले, वारं लागायला.

“काजं हायेत ती,” आई म्हणाली. “काज केलं की त्यातनं कायतरी जातं. आन पोरीच्या खांद्याचं माप कुणी घेतलं?”

अण्णांनी, कडब्याचं माप कुणी घेत नाही, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटून ग्राइंडर चालू केला. आमच्या घरात वाद संपवायचा तो राजमार्ग होता.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढे पिकअपमध्ये अण्णा आणि मामा, मागे पांढऱ्या गाडीत मी. पिकअपमध्ये अण्णांचं चाकांवरचं वेल्डिंग मशीन, पिंजऱ्यातून उरलेला पाइप, हत्यारांची पेटी आणि आईनं फडक्यात बांधून दिलेले धपाटे. मशीन कशाला, असं मामानं विचारलं नाही. अण्णा माणसाच्या मयतीलासुद्धा मशीन घेऊन गेले असते. कुठंही गेलं की कुणीतरी एक कडी लावून द्या म्हणतंच, असा त्यांचा अनुभव होता. आई आली नाही. तिच्याकडे लग्नसराईचे ब्लाऊज होते, आणि मला वाटतं, तिला बघवलं नसतं.

माळावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, वळणावळणावर मातीनं भरलेली पोती रचली होती. तपासणीला एक मुलगी होती, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, पुण्याकडची, डोक्यावर टोपी आणि हातात कागद लावलेली फळी. तिनं पिंजरा वाकून वाकून बघितला, ठोकून बघितला आणि म्हणाली की इतका मजबूत पिंजरा तिनं आज दुसरा बघितला नाही. कमरेच्या पट्ट्यांवरही तिनं खूण केली. अण्णा हाताची घडी घालून उभे होते, तोंडावर काही दाखवत नव्हते, पण त्यांच्या मिशीचं उजवं टोक वर गेलं होतं. मग ती मागच्या दारातून आत शिरली, खांद्याच्या पट्ट्यांवरून हात फिरवत खाली चासीपर्यंत गेली आणि तिथंच थोडा वेळ थांबली. बाहेर येऊन तिनं फळीवर फुली मारली.

तिनं समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. पट्टे खुर्चीच्या फटींतून सरळ मागे जायला हवेत, खांद्याच्या रेषेत किंवा थोडेसे खाली, आणि तिथं एखाद्या आडव्या पाइपाला धरायला हवेत. असे खाली उतरलेले चालणार नाहीत. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की म्याडम, माझं बांधलेलं आजवर सुटलेलं नाही. एखादी पेंढी पडलेली दाखवा.

“सुटणार नाहीच, काका,” ती म्हणाली. “म्हणून तर भीती आहे. गाडी धडकली की ही पुढे जाणार, पट्टा तिला खाली दाबणार, आणि वरचा पट्टा आणि खालची खुर्ची यांच्या मधे हिचा कणा आहे. पट्टा तुटणार नाही. बोल्ट तुटणार नाही.”

मग तिनं माझ्या पाठीकडे बोट केलं. अण्णा मात्र हट्टानं स्वतः खुर्चीत बसायला निघाले. ते सडसडीत होते, बसले. तिनं बक्कल लावलं, पट्टे आवळले आणि त्यांना जोरात पुढे वाकायला सांगितलं. अण्णा वाकले. पट्टे ताणले, आणि माझ्या वडिलांची मान खांद्यांत शिरल्यासारखी दिसली. ते पुन्हा वाकले. तिसऱ्यांदा वाकले. मग नुसतेच बसून राहिले, समोरच्या काचेतून माळाकडे बघत. मामा माझ्या कानात म्हणाला की दाजी अडकले बहुतेक, मी एक बाजू धरतो. पण अण्णा अडकले नव्हते.

“धुरजड झालंय,” ते म्हणाले.

त्या मुलीला शब्द कळला नाही. मलाही अर्धवटच माहीत होता. अण्णांनी खुर्चीत बसल्या बसल्या तिला सांगितलं. बैलगाडीत माल पुढच्या अंगाला जास्त भरला की गाडी धुरजड होते, सगळा भार जुवावाटे बैलाच्या मानेवर येतो. बैल बोलत नाही, चालत राहतो. संध्याकाळी जू काढलं की मान सुजलेली असते. त्यांचे वडील अशी भरलेली गाडी दिसली की रस्त्यात अडवून गाडीवानाला खाली उतरवायचे आणि माल मागे सरकवायला लावायचे. एवढं सांगून अण्णांनी बक्कल सोडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “वरनं ओझं देऊन बांधलं म्या. मालाला बांधत्यात तसं.” आयुष्यात त्यांनी आपली चूक कबूल केल्याचा माझ्यासमोरचा तो पहिला प्रसंग, आणि ती कबुली त्यांनी दिली एका परक्या मुलीला. मला तेव्हा थोडा राग आला होता. आता येत नाही.

दोन वाजेपर्यंत दुरुस्त करून आणा, पुन्हा बघते, असं तिनं सांगितलं. तेव्हा अकरा वाजून गेले होते. मशीन होतं, पाइप होता, वीज नव्हती, कारण येडशीकडची वीज त्या दिवशी गेलेली होती, म्हणजे रोजच्यासारखीच होती. कळंबला जाऊन परत यायला वेळ नव्हता. मामा हताश होऊन धपाटे काढायला लागला. तेवढ्यात माळापलीकडून सनईची ध्वनिफीत ऐकू आली आणि अण्णांनी कान टवकारले. वीज नाही आणि भोंगा वाजतोय, याचा अर्थ तिथं जनरेटर आहे.

लग्नाच्या मांडवामागे जनरेटर होता आणि तो ज्या ट्रॉलीवर ठेवला होता ती ट्रॉली अण्णांची होती. मागच्या फाळक्यावर त्यांनी स्वतः रंगवलेला मोर होता; मोर म्हणून सांगावं लागे, पण होता. ट्रॉलीचा मालक म्हणजे नवरीचा बाप. तो बिचारा वऱ्हाडाच्या गडबडीत होता, पण अण्णांना बघून त्याला वाटलं की हे लग्नालाच आले, आणि त्यानं आधी त्यांच्या डोक्याला फेटा बांधायला लावला. फेटा बांधून होईपर्यंत अण्णांना काही बोलता येईना. मग त्यांनी पोरीची गाडी अडलीय, दोन रॉडांचं काम आहे, असं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्या माणसानं कारण विचारलं नाही. भटजींना फक्त म्हणाला, अर्धा तास भोंगा बंद राहील.

पिकअप आणि गाडी मांडवामागे आणून लावली. सनई मध्येच तुटली तशी अर्धं वऱ्हाड मांडव सोडून आमच्याभोवती जमलं. आधी अण्णांनी पट्टे पूर्ण काढून मामाच्या गळ्यात घातले आणि त्याला वीस पावलं लांब उभं केलं. ठिणगी पडली तर पट्टा गेला. मला खुर्चीत बसवलं. मग ते माझ्या मागे गेले, माझ्या खांद्यावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पिंजऱ्याच्या उभ्या पाइपावर चार बोटं खाली खडूची रेघ मारली. डाव्या बाजूला, मग उजव्या बाजूला. पुन्हा डाव्या. वऱ्हाडातल्या बायका काम बघून नव्हे, तर बाप मुलीचं माप घेतोय हे बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या. नवरदेवही आला, मुंडावळ्यांसकट, आणि खुर्चीत एकदा बसू देता का म्हणाला. अण्णांनी डोक्यावरचा फेटा न काढता त्याच्यावरच डोक्याला अडकवायची वेल्डिंगची काच चढवली आणि आडवा पाइप जोडला. आधी या टोकाला थोडा, मग त्या टोकाला थोडा, मग चारी बाजूंनी. मी त्यांचं वेल्डिंग जन्मभर बघत आले, पण मनगटाखाली दुसरा हात धरलेला त्या दिवशीच बघितला.

पाइप निवेपर्यंत मंगलाष्टका सुरू झाल्या. आम्हाला अक्षता टाकल्याशिवाय सोडलं नाही, आणि येसराची आमटी वाढून ठेवली होती ती सोडून जायला मामा तयार नव्हता. त्यानं ती उभ्यानं प्यायली, पट्टे गळ्यातच होते.

दोन वाजायला दहा मिनिटं असताना ती मुलगी पुन्हा आत शिरली. पट्टे काजांतून, हो, काजांतूनच, सरळ मागे गेले होते आणि आडव्या पाइपाला वळसा घालून तीन दांड्यांच्या बकलातून परत ओवले होते, कागदात होतं तसंच. अण्णांनी हात पाठीमागे बांधले होते. का ते मला माहीत होतं. वळसा घालून झाल्यावर ते मला दोनदा विचारून गेले होते की वरनं एकच गाठ मारू का, बारकी. मी कागदावर बोट ठेवलं होतं, गाठीच्या जागी पट्टा कमजोर होतो. हे वाक्य पचवणं त्यांना धुरजडपेक्षाही अवघड गेलं असावं. त्या मुलीनं पट्टे ओढले, पाइप हलवून बघितला, आणि फळीवर बरोबरची खूण केली. मग अण्णांच्या फेट्याकडे बघून कुणाचं लग्न होतं म्हणून विचारलं. अण्णांना ते नाव शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

शर्यतीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. पहिल्या फेरीत मी जोरात चालवलं. दुसऱ्या फेरीत त्याहून जोरात. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फार थोड्या वेळा वाटलं. तिसऱ्या फेरीत मागची चाकं घसरली, गाडी फिरली आणि मी समोरासमोर मातीच्या पोत्यांत शिरले. एक दणका बसला, खांद्यांना कुणीतरी दोन्ही हातांनी मागून धरल्यासारखं झालं, आणि मग सगळीकडे धूळ आणि शांतता. धूळ जरा बसली तेव्हा काचेतून दिसलं की माझे वडील चुन्याच्या रेघा ओलांडून, शिट्ट्या मारणाऱ्या माणसांना न जुमानता पळत येतायत. फेटा सुटून मागे लोंबत होता.

ते गाडीकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी दार उघडलं, बक्कल सोडलं आणि दोन्ही हातांनी माझे खांदे दाबले, सकाळी त्या मुलीनं पट्टे चाचपले होते तसे. मग मानेमागून बोटं खाली कमरेपर्यंत नेली, एकेक मणका मोजत. “हितं? हितं?” एवढंच विचारत होते. मी न्हाय, न्हाय म्हणत होते. शेवटचा मणका झाल्यावर ते तिथंच धुळीत बसले आणि त्यांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. आज माझी पन्नाशी केव्हाच सरलीय, अण्णांना जाऊनही बरीच वर्षं झाली, कंबर दुखते म्हणून डॉक्टरांनी एक पट्टा दिलाय. तो बांधताना दर वेळी ती बोटं पाठीवरून खाली उतरतात आणि मी मनातल्या मनात न्हाय म्हणते.

दिवेलागणीला घरी पोचलो. माझा नंबर शेवटून पहिला आला होता. वाटेत ठरलं होतं की आईला पोत्यांचं सांगायचं नाही, आणि मामानं पायरी चढायच्या आत सांगितलं. आईनं हातातला ब्लाऊज खाली ठेवला, मला आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं आणि खांदे उघडे करायला लावले. दोन्ही खांद्यांवर दोन जांभळे पट्टे उमटले होते. ती रडेल असं मला वाटलं. तिनं गळ्यातली टेप काढली आणि मानेपासून डाव्या पट्ट्याचं अंतर मोजलं, मग उजव्याचं. दोन्ही सारखी होती. मग खोबरेल तेल कोमट करून आणलं आणि चोळायला लागली, तेव्हा मात्र तिचे हात गार होते.

जेवायला बसलो. पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी.  अण्णांनी अर्धी भाकरी संपवली, तांब्यातलं पाणी प्यायले आणि ताटाकडे बघत आईला म्हणाले, “काजंच व्हती ती.”

 आईनं त्यांच्या ताटात पिठलं वाढलं. अण्णांनी ते भाकरीनं पुसून घेतलं.

“पुढच्या येळी खांद्याचं माप तूच घे,” ते म्हणाले.

आईचा हात तसाच पळीवर थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“पुढची येळ हाय व्हय?”

अण्णांनी मान वर केली. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. मग घरात ग्राइंडर नसल्यामुळे असेल, त्यांनी ताटाशेजारच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं एकदा ठोकलं.